रिकाम्या स्लॉटचा इतिहास : जुन्या डेस्कटॉपवर नवे खेळ कसे चालू लागले

१/
“घरात दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे. हाताशी पैसे बेताचे आहेत. नवे गेम चालवायचे तर त्यात काय बदलावे?” हा प्रश्न आपण सहज विचारतो. फ्रिजविषयी किंवा टीव्हीविषयी असा प्रश्न कोणी विचारत नाही; ते जुने झाले की विकले जातात. डेस्कटॉप संगणक मात्र अर्धा जुना आणि अर्धा नवा असू शकतो. हा त्याचा उपजत गुण नव्हे. तो एका बलाढ्य कंपनीच्या घाईतून जन्मला, पुढे तिच्याच इच्छेविरुद्ध टिकला, आणि तो टिकवण्यात खिसा हलका असलेल्या खेळाडूंचा वाटा फार मोठा आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
१२ ऑगस्ट १९८१. न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’, मॉडेल क्रमांक ५१५०, जाहीर केला. किंमत १५६५ डॉलरपासून पुढे. एवढ्या पैशांत मिळत होती १६ किलोबाइट मेमरी; डिस्क ड्राइव्ह त्यात नव्हतीच. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, गती ४.७७ मेगाहर्ट्झ. तांत्रिकदृष्ट्या थक्क व्हावे असे त्यात फारसे काही नव्हते. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती आतली पाच लांबट खाचांची रांग : एक्स्पान्शन स्लॉट.

३/
या स्लॉटांमागची कथा पुष्कळदा आयबीएमच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या छोट्या चमूला साधारण वर्षभरात यंत्र बाजारात आणायचे होते. आयबीएमच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक भाग घरीच घडवायला वेळ नव्हता. म्हणून प्रोसेसर इंटेलकडून, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनकडून, प्रिंटर एप्सनकडून घेतला गेला. यंत्राला पूरक कार्डे इतरांनी बनवावीत म्हणून परिपथांच्या आकृत्या आणि बायोसची संपूर्ण संहिता असलेली तांत्रिक पुस्तिका विक्रीस ठेवली. मोकळेपणा हा येथे आदर्श नव्हता. तो वेळापत्रकाचा परिणाम होता.

४/
स्लॉटांची कल्पनाही आयबीएमची नव्हे. १९७७च्या ॲपल २मध्ये आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्झ यांच्या मते दोन पुरेसे होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आठांचा हट्ट सोडला नाही. पुढे १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये जॉब्झ यांचे मत चालले : स्लॉट नाहीत, आणि पेटी उघडायला साध्या दुकानात न मिळणारा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागे. ‘यंत्र विकत घेतल्यावर ते उघडण्याचा अधिकार कोणाचा?’ हा वाद अलीकडचा नाही.

५/
आयबीएमच्या यंत्रात पडद्यावर चित्र उमटवण्यासाठीसुद्धा वेगळे कार्ड लागे. कार्यालयासाठी फक्त अक्षरे दाखवणारे एक, आणि ३२० गुणिले २०० बिंदूंवर चार रंग दाखवणारे दुसरे. म्हणजे ‘चित्र’ हा संगणकाचा सुटा, बदलता येणारा भाग आहे ही कल्पना पहिल्याच दिवशी त्या पेटीत होती. आजचे प्रत्येक ग्राफिक्स कार्ड हे या निर्णयाचे वंशज आहे.

६/
येथे थोडे आडवळण घेतो, कारण ते आपल्याशी संबंधित आहे. वॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला आपला प्रबंध थाई लिपीत संगणकावर लिहायचा होता. आयबीएमचे अक्षरी कार्ड ते करू शकत नव्हते. त्याने स्वतःचे कार्ड बनवले. त्यातून १९८२मध्ये हर्क्युलिस ही कंपनी आणि तिचे गाजलेले ग्राफिक्स कार्ड उभे राहिले. भारतातही त्याच खाचेत देवनागरी शिरली : आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्ड विकसित केले आणि डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागल्या. इंग्रजी व्यापारी पत्रांसाठी घडवलेले यंत्र थाई आणि मराठीत बोलू लागले, ते एका रिकाम्या जागेमुळे.

७/
आयबीएमच्या हाती एकच कुलूप उरले होते : बायोसचा स्वामित्वहक्क. १९८२मध्ये ह्यूस्टनला स्थापन झालेल्या कॉम्पॅकने त्यावर उपाय शोधला. मूळ संहिता पाहणारे लोक वेगळे आणि नवी लिहिणारे वेगळे, असा कडेकोट बंदोबस्त ठेवून तेच काम करणारा, परंतु नक्कल नसलेला बायोस त्यांनी लिहिला. १९८४पासून फिनिक्स टेक्नॉलॉजीज असा बायोस कोणालाही परवान्याने विकू लागली. आता तैवानमधला छोटा कारखानदारसुद्धा ‘आयबीएम-सुसंगत’ मदरबोर्ड बनवू शकत होता.

८/
१९८७मध्ये आयबीएमने चूक दुरुस्त करायचे ठरवले. पीएस/२ मालिकेत ‘मायक्रो चॅनेल’ हा नवा स्लॉट आला. तो तांत्रिकदृष्ट्या सरस होता, हे मान्य करायला हवे. परंतु जुनी कार्डे त्यात बसत नव्हती आणि तो वापरण्यासाठी आयबीएमला परवाना-शुल्क द्यावे लागे. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी जुनी कार्डे स्वीकारणारा ‘ईसा’ हा पर्यायी स्लॉट जाहीर केला. ईसा स्वतः घराघरांत पोहोचला नाही. मायक्रो चॅनेलही नाही. जिंकला तो १९८१चा जुना स्लॉट, कारण लोकांनी आधीच त्यासाठी पैसे मोजले होते. स्वतःच जन्माला घातलेल्या प्रमाणावरचा ताबा आयबीएमने येथे गमावला.

९/
आता खेळांकडे. आयबीएम पीसीचा आवाज म्हणजे एका लहानशा स्पीकरची पींपीं. १९८९मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या सिम वाँग हू यांच्या कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ आणले. त्या एकाच कार्डावर संगीत होते, मुद्रित आवाज होता आणि जॉयस्टिकसाठी जोडणीही होती. म्हणजे एका स्लॉटात दोन कार्डांचे काम. बेताच्या पैशांत जुन्या यंत्राला खेळासाठी सजवण्याची ही पहिली लोकप्रिय रीत.

१०/
डिसेंबर १९९३मध्ये ‘डूम’ आला. त्याला किमान ४ मेगाबाइट मेमरी हवी होती. मेमरीची पट्टी वाढवणे हे कार्यालयीन कामासाठी नव्हे, तर खेळासाठी करण्याचे काम झाले, ते या सुमारास. पण खरी उलथापालथ केली ती आयडी सॉफ्टवेअरच्याच पुढच्या खेळाने : जून १९९६चा ‘क्वेक’.

११/
क्वेकने काटकसर करणाऱ्यांना एक कडू धडा दिला, आणि तो आजही लागू आहे. त्या काळी सायरिक्स कंपनीचा ६x८६ प्रोसेसर पेंटियमपेक्षा स्वस्त मिळे. त्यावर ‘पीआर १६६+’ असे अंकन असे. अर्थ असा की, हा १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा आहे. कार्यालयीन कामांच्या चाचण्यांत हे खरे ठरत होते. परंतु क्वेकचे त्रिमितीय गणित अपूर्णांकांवर चालत होते, आणि पेंटियमचा अपूर्णांकी विभाग डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची संहिता घासूनपुसून तयार केली होती. सायरिक्सचा तो विभाग दुबळा. पत्रे टंकताना वेगवान असणारे यंत्र क्वेकमध्ये धापा टाकू लागले. खोक्यावरचा आकडा कोणत्या कामाच्या मोजमापातून आला आहे, हे न विचारता केलेली बचत अशी महागात पडली.

१२/
त्याच वर्षी उलट दिशेचा चमत्कार घडला. १९९४मध्ये स्थापन झालेल्या ३डीएफएक्सने ‘व्हूडू’ नावाची चिप आर्केड यंत्रांसाठी दिली होती. घरगुती ग्राहकाला ती परवडण्याजोगी नव्हती, कारण तिच्यासोबत लागणारी मेमरी महाग होती. १९९६मध्ये जगभर मेमरीचे भाव कोसळले, आणि सुमारे ३०० डॉलरमध्ये ४ मेगाबाइटचे व्हूडू कार्ड विकणे शक्य झाले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात बुद्धिमंतांची नावे राहतात; परंतु हा अध्याय तितकाच मेमरीच्या बाजारभावाने लिहिला आहे.

१३/
व्हूडूची रचना पाहण्यासारखी होती. हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्र काढी, दुसरे काहीही नाही. म्हणून जुने ग्राफिक्स कार्ड काढायचे नसे. जुन्या कार्डातून निघालेली केबल व्हूडूत आणि व्हूडूतून मॉनिटरला, अशी जोडणी असे. खेळ सुरू झाला की व्हूडू पडद्याचा ताबा घेई. ऑर्किड कंपनीच्या ‘राइटियस ३डी’ या कार्डात हा बदल यांत्रिक रिले करीत असे, आणि त्या क्षणी कॅबिनेटमधून ‘खट्’ असा आवाज येई. जुने यंत्र तसेच ठेवून त्याच्या शेजारी नवे इंद्रिय जोडण्याचा याहून स्पष्ट नमुना मला ठाऊक नाही. १९९७च्या जानेवारीत ‘जीएल-क्वेक’ आला, आणि तोच खेळ त्याच पेटीवर गुळगुळीत, रंगीत आणि वेगवान झाला.

१४/
आता या धाग्याचा नायक. १९९८च्या एप्रिलमध्ये इंटेलने स्वस्त ग्राहकांसाठी ‘सेलेरॉन’ काढला; त्यात दुसऱ्या स्तराची कॅशे मेमरी मुळीच नव्हती, आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. २४ ऑगस्ट १९९८ रोजी सुधारित ‘सेलेरॉन ३००ए’ आला. यात १२८ किलोबाइट कॅशे प्रोसेसरच्याच चिपवर होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण गतीने चाले. महागड्या पेंटियम २मध्ये ती ५१२ किलोबाइट होती, पण बाहेरच्या चिपांवर आणि निम्म्या गतीची. म्हणजे धाकट्या भावाला लहान, परंतु अधिक चपळ कॅशे मिळाली होती.

१५/
सेलेरॉनची गती कशी ठरे? मदरबोर्डची बस ६६ मेगाहर्ट्झ, तिला ४.५ने गुणले की ३००. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. बस मात्र मदरबोर्डच्या हाती होती. तैवानच्या एबिट कंपनीच्या बीएच६ या बोर्डवर बायोसमध्ये जाऊन ती १०० करता येत असे. १०० गुणिले ४.५ म्हणजे ४५०. आणि यांतल्या कितीतरी चिप ४५०वर मुकाट्याने चालत. बोर्डात तशी सोय नसेल तर प्रोसेसरच्या बी२१ या टोकावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की बोर्डाला वाटे, ही १०० मेगाहर्ट्झचीच चिप आहे.

१६/
सेलेरॉन ३००एची घाऊक किंमत १४९ डॉलर. त्याच दिवशी बाजारात आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ची ६६९ डॉलर. खेळांमध्ये दोहोंत फरक नगण्य. हे काही जादूने घडले नव्हते. दोन्ही चिप एकाच प्रकारच्या उत्पादनप्रक्रियेतून येत. बाजाराचे थर पाडण्यासाठी एकीवर कमी आकडा छापला जात होता. किंमत सिलिकॉनची नव्हती, आकड्याची होती. विशीतल्या मुलांनी चिकटपट्टीने हे सिद्ध केले, आणि माझ्या मते आर्थिक इतिहासाच्या वर्गात हे उदाहरण शिकवायला हरकत नाही.

१७/
दोनच वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन प्रोसेसरांवर हाच खेळ शिसपेन्सिलीने झाला. चिपच्या पृष्ठभागावर ‘एल१’ नावाचे तुटलेले सूक्ष्म पूल असत. पेन्सिलीच्या रेघेने ते जोडले की कुलूपबंद गुणक मोकळा होई. ग्रॅफाइट विजेचा वाहक आहे, एवढे शालेय विज्ञान पुरत होते. पुढच्या अ‍ॅथलॉन एक्सपीत त्या पुलांच्या जागी लेसरने खाचा पाडल्या गेल्या आणि पेन्सिल निरुपयोगी झाली.

१८/
हे सारे आपल्याकडे पोहोचले ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून, पुण्याच्या तापकीर गल्लीसारख्या बाजारांतून. १९९७मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५पर्यंत संगणकाच्या सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो या काळात. कागदावर भागांची यादी, चार दुकानांची कोटेशने, जुनी रॅम देऊन वरचा फरक भरणे : हा व्यवहार आपल्याला नवा नव्हता. भांड्यांच्या दुकानात जुने पितळ मोडीत घालून नवे पातेले घेणाऱ्या समाजाला तो चटकन उमगला.

१९/
गोष्ट सतत चढत्या क्रमाने गेली असे मात्र नाही. १९९७मध्ये इंटेलने प्रोसेसरची जुनी ‘सॉकेट ७’ बैठक सोडून पेटंटने बांधलेला ‘स्लॉट १’ आणला. जुन्या बोर्डांचे आयुष्य वाढवले ते एएमडीने, के६-२ देऊन. २००४च्या सुमारास एजीपी जाऊन पीसीआय एक्स्प्रेस आले, आणि असंख्य चांगली कार्डे एका फटक्यात अनाथ झाली. ३डीएफएक्सने स्वतःच कार्डे बनवण्यासाठी एसटीबी ही कंपनी घेतली, इतर कार्डनिर्मात्यांना चिप देणे थांबवले, आणि २००० संपता संपता तिची मालमत्ता एनव्हिडियाकडे गेली. दुसऱ्यांच्या पेटीत पाहुणा म्हणून मोठी झालेली कंपनी यजमान होऊ पाहताना बुडाली.

२०/
काटकसरीचे कौशल्य पुढेही मेले नाही. सर्व्हरसाठीचे झिऑन प्रोसेसर एलजीए ७७१ बैठकीचे. घरगुती बोर्ड ७७५चे. डेटा सेंटरांनी टाकून दिलेले झिऑन स्वस्तात मिळू लागले, तेव्हा दोन संपर्कबिंदूंची अदलाबदल करणारे नखाएवढे स्टिकर विकले जाऊ लागले. सॉकेटमधल्या दोन प्लॅस्टिकच्या खुणा ब्लेडने छाटायच्या, स्टिकर लावायचे, आणि जुन्या कोअर २ ड्युओच्या जागी चार गाभ्यांचा सर्व्हर प्रोसेसर बसवायचा. उलट इंटेलने २०१७मध्ये तीच ११५१ बैठक ठेवून आतली जोडणी बदलली. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसे, पण चालत नसे. एएमडीच्या एएम४वर मात्र २०१७च्या बोर्डांना २०२२मध्ये रायझन ५०००ची अधिकृत मान्यता मिळाली.

२१/
आज हे दार हळूहळू लोटले जात आहे. अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाख देऊन जोडलेली असते. विंडोज ११ने टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीच्या पुढचे प्रोसेसर अनिवार्य केले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. चालू स्थितीतली असंख्य यंत्रे कागदोपत्री म्हातारी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीने मेमरीचे भाव भडकले आणि मायक्रॉनने आपली ‘क्रुशियल’ ही ग्राहकांसाठीची नाममुद्रा बंद करण्याचे जाहीर केले. १९९६च्या नेमकी उलट स्थिती. दुसऱ्या बाजूला, व्हॉल्व्हच्या ‘प्रोटॉन’मुळे २०१८पासून विंडोजचे बरेच खेळ लिनक्सवर चालतात, आणि २०२१मध्ये आलेल्या एएमडीच्या एफएसआरने प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डांनाही अधिक आयुष्य दिले. अपग्रेड आता स्क्रूड्रायव्हरशिवायही होतो.

२२/
तर सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी. खेळातल्या फ्रेम त्याने वाढत नाहीत, पण वाट पाहणे संपते. रॅमची एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीला तशीच दुसरी. मग ग्राफिक्स कार्ड. पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट स्वतः ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो, म्हणून जीटीएक्स ७५० टीआय (२०१४) आणि १०५० टीआय (२०१६) ही कार्डे मूळ रूपात वेगळ्या वीजजोडणीविना चालतात. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपांना सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक आहे ते या ७५ वॉटांमुळे. अरुंद कॅबिनेट असेल तर निम्म्या उंचीचेच कार्ड बसेल, हे आधी मोजून घ्यावे.

२३/
दोन सापळे. नवे आणि कमी किमतीचे कार्ड जुन्या यंत्रात फायद्याचे ठरेलच असे नाही : २०२२चे आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार लेन वापरते, आणि जुन्या ३.० स्लॉटात तिची वाहतूक निम्मी होऊन खेळ अडखळतो. आणि कंपनीच्या तयार डेस्कटॉपात एसएमपीएस बदलण्यापूर्वी त्याची जोडणी नीट पाहावी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांत दिसायला हुबेहूब प्रमाण एटीएक्स, पण तारांचा क्रम निराळा, असा जोड होता. साधा एसएमपीएस त्यात सहज बसे आणि बटण दाबताच बोर्ड जळू शके. आजच्या अनेक कार्यालयीन यंत्रांत निदान तो जोडच वेगळ्या आकाराचा असतो, म्हणून चुकीचा एसएमपीएस बसत नाही.